वजनाला २२ हजार, वेगाला ४

दहाचाकी डंपरचे मालासह एकूण वजन कायद्याने २८.५ टनांपर्यंत चालते. त्यात एक टन राख जास्त सापडली, तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दंड २० हजार रुपये आणि जास्तीच्या प्रत्येक टनामागे आणखी २ हजार. म्हणजे २२ हजार, शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. तोच डंपर वजन अगदी नियमात ठेवून वेगमर्यादा मोडत पळवला, तर त्याच कायद्यात पहिल्या वेळचा दंड २ ते ४ हजार. तडजोडीची रक्कम राज्ये आपापल्या पातळीवर ठरवतात, पण कायद्याने वजनाची आणि वेगाची किंमत कशी लावली आहे ते या आकड्यांतून स्पष्ट दिसते.

आता निसर्गाने लावलेली किंमत पाहावी. एक टन राख वाढली की डंपरची गतिज ऊर्जा साडेतीन टक्क्यांनी वाढते. वजन तेवढेच ठेवून ताशी ६० चा वेग ८० केला की ती ७८ टक्क्यांनी वाढते.

हा हिशेब मांडायला दीपनगरसारखी दुसरी जागा नाही. भुसावळपासून काही किलोमीटरवरचे हे औष्णिक विद्युत केंद्र, त्याला खेटून गेलेला राष्ट्रीय महामार्ग ५३ (लोकांच्या तोंडी अजून ‘सहा नंबर’च), आणि फेकरी, निंभोरा, पिंप्रीसेकम, वरणगाव ही आसपासची गावे. केंद्रात ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत आणि ६६० मेगावॉटचा नवा संच उभा राहिला आहे. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर दिवसाला ढोबळमानाने सात-आठ हजार टन कोळसा लागतो. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण तीस-चाळीस टक्के. म्हणजे एका संचातून रोज अडीच हजार टनांच्या आसपास राख. काही राख पाण्यात कालवून नळांतून वेल्हाळ्याच्या बंधाऱ्याकडे जाते, काही कोरडी राख बल्करमधून सिमेंट कारखान्यांकडे, काही डंपरमधून वीटभट्ट्यांकडे आणि भरावाच्या कामांवर. राखेचा शंभर टक्के वापर व्हावा असा केंद्र सरकारचा २०२१ चा आदेश आहे आणि तो योग्यच आहे. पण त्या आदेशाचा रस्त्यावरचा अर्थ म्हणजे खेपा, रात्रंदिवस खेपा.

या खेपांबद्दल परिसरात तक्रार निघते ती बहुतेक वेळा दोनच गोष्टींची: उडणारी राख आणि ओव्हरलोड. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. तिसरी तक्रार, वेगाची, अपघात झाल्यावर दोन दिवस होते आणि विरते. वजन डोळ्यांना दिसते. फाळक्याच्या वर आलेला राखेचा ढीग कुणालाही दाखवता येतो. वेग दिसतो न दिसतो तोच गाडी निघून गेलेली असते.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘कार्य आणि ऊर्जा’ हे प्रकरण आहे. त्यात गतिज ऊर्जेचे सूत्र येते: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. मुले ते पाठ करतात, दोन उदाहरणे सोडवतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. त्या सूत्रातला ‘वर्ग’ हा एवढासा शब्द मात्र माणसांना समजायला शंभर-दीडशे वर्षे लागली. १७२० च्या दशकात डच शास्त्रज्ञ विलेम ग्राव्हेसांडे यांनी पितळेचे गोळे उंचावरून मऊ मातीत पाडून पाहिले. दुप्पट वेगाने आदळलेल्या गोळ्याने मातीत दुप्पट नव्हे, चौपट खड्डा केला. फ्रान्समधल्या एमिली द्यु शातले या विदुषीने हा प्रयोग उचलून धरला, १७४० मधल्या आपल्या ग्रंथात त्याचा अर्थ मांडला आणि आघाताची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते हे त्या काळच्या नामांकित विद्वानांशी वाद घालून सांगितले. सूत्राला आजचे ‘भागिले दोन’चे रूप गास्पार कोरिओलिस यांनी १८२९ मध्ये दिले.

मातीतल्या त्या खड्ड्याच्या जागी माणूस ठेवला, की सूत्र परीक्षेपुरते राहत नाही.

दीपनगरच्या चार-सहा कोसांत या सूत्राची तीन टोके पाहायला मिळतात, आणि हे भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्याला येते. पहिले टोक वजनाचे. भुसावळ जंक्शनवरून येणारा कोळशाचा भरलेला रेक पाच हजार टनांच्या घरात जातो. ताशी ६० किलोमीटरने धावताना त्याच्यात सुमारे ७०० मेगाज्यूल ऊर्जा असते. दुसरे टोक वेगाचे. शेजारच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत रायफलच्या गोळ्या बनतात. अशा गोळीचे पुढचे टोक जेमतेम चार ग्रॅमचे, पण नळीतून सुटताना वेग सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास. सायकलवरून ताशी पंचवीस किलोमीटरने जाणाऱ्या सडपातळ माणसात जेवढी ऊर्जा असते, तेवढी त्या चार ग्रॅमांत मावलेली असते.

तिसरे टोक खुद्द केंद्राच्या टर्बाइन हॉलमध्ये आहे. तिथे टर्बाइन आणि जनित्र यांचे रोटर एका रेषेत जोडलेले असतात आणि मिनिटाला ३००० फेरे घेतात. देशभरची वीज ५० हर्ट्झवर चालते ती याच फेऱ्यांमुळे. शेवटच्या टप्प्यातल्या लांब पात्यांची टोके आवाजापेक्षाही जास्त वेगाने फिरतात. हे सगळे फिरते लोखंड वजनाने कोळशाच्या रेकच्या दहाव्या हिश्श्याइतकेही नाही. तरी ५०० मेगावॉटच्या संचाच्या रोटरमध्ये साठलेली गतिज ऊर्जा एवढी असते की वाफ बंद केली तरी तेवढ्यावर पूर्ण क्षमतेची वीज तीनेक सेकंद देता यावी. म्हणजे १५०० मेगाज्यूलच्या आसपास, धावत्या रेकच्या दुपटीहून अधिक. दूरवरचे एखादे केंद्र अचानक बंद पडले, तर पहिल्या काही क्षणांची तूट अशा सगळ्या फिरत्या रोटरांच्या ऊर्जेतूनच भरून निघते आणि घरातला दिवा लुकलुकतही नाही.

एवढी ऊर्जा हाताळणारी माणसे वेगाबाबत किती कडक असतात, हे केंद्रातल्या कुठल्याही ऑपरेटरला विचारावे. टर्बाइनचा वेग ठरलेल्या आकड्याच्या दहा-अकरा टक्के वर गेला, म्हणजे ३००० चे ३३०० झाले, की संरक्षक यंत्रणा कुणाच्या परवानगीची वाट न पाहता वाफेच्या झडपा मिटवते आणि संच ‘ट्रिप’ होतो. त्या बंद पडण्यात किती युनिट वीज बुडाली याचा विचार यंत्रणा करत नाही. वेग दहा टक्के वाढला की रोटरवरचा ताण एकवीस टक्के वाढतो, आणि फुटलेल्या रोटरपुढे भिंती टिकत नाहीत, हे तिच्या रचनेतच धरलेले असते.

फाटकाबाहेर पडलेला डंपर ६० चा ८० वर गेला, तर ती वाढ तेहतीस टक्क्यांची आहे. तिथे कुठलीच झडप मिटत नाही.

झडप मुळात आहे, हे इथे सांगितले पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ११८ मध्ये २०१५ साली बदल झाला आणि मालवाहू गाड्यांना वेगनियंत्रक बसवणे सक्तीचे झाले. इतर ट्रकसाठी मर्यादा ताशी ८०, पण डंपर, टँकर आणि शाळेच्या बससाठी ६०. हा नियम लिहिणाऱ्याला वर्गाचे गणित ठाऊक होते यात शंका नाही. अडचण पुढे होते. २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मालवाहू गाडीची वेगमर्यादा ८० आहे. म्हणजे कॅमेरा ८० वर लावलेला असेल, तर ७८ ने जाणारा राखेचा डंपर त्याच्या लेखी निर्दोष ठरतो. त्याच्या नियंत्रकाची वायर जागेवर आहे की काढून ठेवली आहे, हे पाहायला गाडी थांबवून कुणीतरी खाली वाकावे लागते. आणि चालकाचा किंवा मालकाचा पैसा खेपेवर ठरत असेल, तर वायर कधी निघेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आकड्यांत सांगायचे तर २८.५ टनांच्या डंपरमध्ये ताशी ६० ला सुमारे ४ मेगाज्यूल ऊर्जा असते, ८० ला ७ मेगाज्यूल. ही ऊर्जा थांबताना कुठेतरी जावी लागते, आणि ती जाते ब्रेकच्या ड्रममध्ये, उष्णता होऊन. ६० वरून पूर्ण थांबताना ड्रममध्ये एवढी उष्णता उतरते की नळाचे साडेतेरा लिटर पाणी, म्हणजे जवळजवळ एक हंडा, उकळीला यावे. ८० वरून थांबताना चोवीस लिटर. वेग ६० च ठेवून ८० इतकी ऊर्जा आणायची, तर त्या डंपरचे एकूण वजन पन्नास टनांवर न्यावे लागेल. पन्नास टनांचा दहाचाकी डंपर दिसला, तर तो नाक्यावर अडवला जाईल, वर्तमानपत्रात फोटो येईल, कदाचित मोर्चाही निघेल. २८.५ टन वजनाचा आणि ८० वेगाचा डंपर रोज जातो आणि त्याच्याकडे कुणी मान वळवून पाहत नाही.

वजन निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. वजनाचा खरा फटका उतारावर कळतो. ४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर, शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ, मध्य प्रदेशाकडून येणाऱ्या एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. त्याने पुढच्या गाड्यांना उडवले आणि तो रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. दहा जण गेले. सीमेवरचा बिजासन घाट उतरून येणाऱ्या कोणत्याही अवजड गाडीला हा धोका असतो. चाळीस टनांची गाडी शंभर मीटर खाली उतरते, तेव्हा जवळपास ३९ मेगाज्यूल ऊर्जा ब्रेकने किंवा इंजिनाने गिळावी लागते. सपाट रस्त्यावर ६० वरून थांबणाऱ्या डंपरच्या दहापट. चालक खालच्या गिअरमध्ये उतरला तर इंजिन बराचसा भार उचलते. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरला, तर सगळा भार ड्रमवर येतो. ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात आणि तळाला पेडल दाबले तरी पायाखाली काही लागत नाही. तिथे प्रत्येक जास्तीचा टन मोजला जातो.

रेल्वेत तर वजनाची जरब आणखी वेगळी. २२ जानेवारी २०२५ ला पाचोरा तालुक्यात परधाडे स्थानकाजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा उठली. घाबरून रुळांवर उतरलेल्या प्रवाशांना समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने चिरडले; बारा-तेरा जीव गेले. वळणामुळे चालकाला पुढचे उशिरा दिसले. पोलादी चाक पोलादी रुळावर फारसे धरत नाही, आणि हजार टनांहून अधिक वजनाची गाडी वेगात असली की ब्रेक लावल्यानंतरही शेकडो मीटर पुढे जाते. भुसावळच्या लोकोशेडमधल्या माणसांना हे सांगायची गरज नाही. नव्या तीन-फेज विद्युत इंजिनांत ब्रेक लावताना हीच गतिज ऊर्जा वीज होऊन वरच्या तारेत परत जाते, एवढी ती मोठी असते.

मग कायद्याने वजनाला एवढा मोठा दंड का ठेवला? याचे एक उत्तर रस्त्यात दडले आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर सतत ट्रक फिरवून एक प्रचंड चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ठोकताळा जगभरचे अभियंते आजही वापरतात: आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सोळापट होते. भार वीस टक्के वाढला तरी झीज दुप्पट. डांबराचा जीव घेते ते वजन, आणि तेही वर्गाने नव्हे, चौथ्या घाताने. रस्ता सरकारी पैशाने होतो, खड्डे भरायला सरकारी पैसा लागतो, म्हणून ओव्हरलोडवर २० हजार. हा हिशेब चुकीचा नाही. पण तो रस्त्याच्या बाजूने केलेला आहे. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाच्या बाजूने केलेला हिशेब कायद्यात तोकडा पडतो, आणि या लेखाचा आक्षेप नेमका तेवढाच आहे.

माणसाच्या बाजूने हिशेब करून पाहावा. निंभोऱ्याच्या फाट्यावर रस्ता ओलांडणारे कुणी साठ किलोचे. त्याला धडकणारा डंपर २८ टनांचा असो की ३५ टनांचा, धडकेत डंपरचा वेग नावालाही कमी होत नाही. दोन्ही वेळा त्या शरीराला मिळतो तो डंपरचा वेग, आणि म्हणून दोन्ही वेळा इजा जवळजवळ सारखीच. वजनकाटा या माणसाला वाचवत नाही. वेग मात्र सगळे ठरवतो. ताशी ३० ची धडक म्हणजे साडेतीन मीटरवरून पडणे, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून. ६० ची धडक चौदा मीटरवरून, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून. ८० ची पंचवीस मीटरवरून, आठव्या मजल्यावरून. जिथे माणसे आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे वेग ३० च्या वर नको, असे जगातल्या देशांनी २०२० मध्ये स्टॉकहोमच्या जाहीरनाम्यात म्हटले, ते याच उंचीच्या हिशेबाने.

दुचाकीवाल्याने हा हिशेब डंपरपुरता समजू नये. दोघे बसलेली मोटारसायकल ६० वरून ९० वर गेली की तिची ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि ती ऊर्जा झेलायला समोर पत्रा नसतो, स्वतःचीच हाडे असतात. ट्रकमध्ये मालावर बसून जाणाऱ्या मजुरांचीही तीच गत. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि मालासोबत बसलेले पंधरा मजूर गेले. गाडी आपटून थांबते, पण तिच्यातल्या मोकळ्या माणसाचा वेग थांबत नाही.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू सरकारी अहवालाने अतिवेगाच्या खात्यात घातले आहेत. पंचनाम्यात ‘अतिवेग’ लिहिणे सोपे असते, रस्त्याचा चुकीचा कट किंवा बंद दिवा लिहिणे अवघड, म्हणून हा आकडा थोडा फुगलेला असू शकतो. तो निम्मा धरला तरी साठ हजारांच्या आसपास माणसे होतात.

तरसोद ते चिखली हा महामार्गाचा टप्पा चौपदरी झाला याचा आनंदच आहे. जुन्या दुपदरी रस्त्यावर समोरासमोरच्या धडकांत किती घरे उजाड झाली ते या भागाला ठाऊक आहे. पण रस्ता रुंद झाला की वेग आपसूक वाढतो, आणि गावे होती तिथेच राहतात. फेकरीचा शेतकरी पलीकडच्या शेतात जातोच, वसाहतीतली मुले शाळेत जातातच, सर्व्हिस रोड अपुरा असला की मोटारसायकल उलट्या बाजूने येतेच.

उपाय महागडे नाहीत. पहिला म्हणजे नियम आणि कॅमेरा यांची एकवाक्यता. डंपर-टँकरची मर्यादा ६० असेल, तर रस्त्यावरच्या फलकावर ती वेगळी लिहावी आणि कॅमेऱ्यालाही ती कळावी. दुसरा, गावांजवळच्या कटवर अवजड वाहनांसाठी मर्यादा आणखी खाली आणून ती गतिरोधक पट्ट्यांनी पाळायला लावावी. तिसरा, दंडाच्या तक्त्यात वेगाला त्याच्या वर्गाचा मान द्यावा: मर्यादेच्या दहा टक्के वर गेला तर एक रक्कम, वीस टक्के वर गेला तर तिच्या चौपट. खेपेवर पैसे देण्याची पद्धतही बदलायला हवी, पण ते काम कंत्राटांच्या अटींतून करावे लागेल. एकट्या पोलिसांच्या हातात ते नाही.

चौथा उपाय तर आजच्या आज करण्यासारखा आहे. केंद्रातून राख घेऊन निघणाऱ्या गाडीचे काट्यावर वजन होते आणि पावतीवर वेळ छापली जाते. पुढे नशिराबादच्या टोलनाक्यावर फास्टॅग पुन्हा वेळ नोंदवतो. दोन वेळा आणि मधले अंतर हाताशी असले की सरासरी वेग काढायला पाचवीचे गणित पुरते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांनी असा सरासरी वेग मोजला जातो. इथे कॅमेरेही लागणार नाहीत. काट्याची पावती आणि टोलची नोंद एका तक्त्यात आली तरी भागेल. वीस किलोमीटरचे अंतर ६० ने वीस मिनिटांत तुटते, ८० ने पंधरा मिनिटांत. ज्या पावत्यांत ही पाच मिनिटे सारखी वाचलेली दिसतील, त्या गाड्यांना पुढच्या आठवड्यात काट्यावर घेऊ नये.